कोरी चकती

सर,

तुम्ही माझ्या हातून बाटल्या घेतल्या की त्या लाकडी स्टँडमध्ये उभ्या करायचात आणि लगेच नळाशी जाऊन हात धुवायचात. साबण लावून, मनगटापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून. मग टॉवेलला न पुसता हात हवेतच झटकायचात. शिरूरच्या कॉलेजात तुमच्या हाताखाली काढलेल्या सगळ्या वर्षांत मी हे पाहिलं आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. तुम्हाला जाऊन आता इतका काळ लोटला की तुमचा चेहरा आठवायला आधी तुमचा चष्मा आठवावा लागतो, त्याच्या काडीला गुंडाळलेला पांढरा दोरा आठवावा लागतो, मग कुठं चेहरा येतो. हात धुणं मात्र न बोलावता येतं. मी स्वभावानं संशयी आहे. घरचे म्हणतात, हिला कुणी साखर दिली तर ही आधी मुंगीला चाखायला लावेल. ते खरंच आहे. पण संशय काही आकाशातून पडत नाही, त्याला कारण लागतं, आणि माझ्याकडं कारणं चिक्कार होती.

ते आणीबाणीचं वर्ष होतं. मी बी.एस्सी. होऊन वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नुकतीच लागले होते. वडील दौंडला रेल्वेत, लोको शेडमध्ये; बुद्धविहाराच्या मागच्या आमच्या आळीतून कॉलेजात नोकरीला गेलेली मी पहिली मुलगी. शिरूरला मावशीकडं राहायचे आणि शनिवारी एस.टी.नं दौंडला जायचे. लॅबमध्ये माझ्याबरोबर दुसरा एक डेमॉन्स्ट्रेटर होता, न्हावऱ्याकडचा, धनगराच्या घरातला. त्याच्या चुलत्यांची मेंढरं अजून रानात फिरत होती. एका सकाळी तुम्ही आम्हा दोघांना टेबलाशी बोलावलंत आणि बाभळीच्या काड्यांची एक जुडी पुढं ठेवलीत. "आपली म्हातारी माणसं ही काडी चावतात आणि सत्तरीला ऊस सोलून खातात," तुम्ही म्हणालात. "बाभळीत गुण आहे असं सगळेच म्हणतात. तो गुण नक्की कशात आहे, तोंडातल्या जंतूंना तो खरोखर मारतो का, हे आपण तपासू." मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. मग तुम्ही कामं वाटलीत. त्याला म्हणालात, "अरे, साली आणि मेंढीचं रक्त तू बघ." आणि माझ्याकडं वळून म्हणालात, "बाई, तुम्ही तोंडं घ्या."

तोंडं घ्या, म्हणजे गावोगाव जाऊन लोकांच्या दातांवरची खरवड कापसाच्या बोळ्यावर घ्यायची, बाटलीत बंद करायची आणि आणायची. माझा आनंद तिथंच विरला. त्याला अरे आणि मला बाई, त्याला साली आणि मला थुंकी. ही वाटणी तुम्ही कशावरून केलीत, हा प्रश्न मी त्या दिवशी मनात घेतला तो पुढं काढलाच नाही. शनिवारी दौंडला गेले आणि जेवताना वडिलांना सांगितलं. ते भाकरी मोडायचे थांबले. म्हणाले, "पोरी, आपल्या आज्या-पणज्याच्या गळ्यात मडकं व्हतं. थुंकी रस्त्यावर पडू नये म्हून. आन् तू शिकून सवरून आता दुसऱ्याची थुंकी गोळा करतीस व्हय?" आई म्हणाली, "आवो, शाळंचं काम हाय ते." वडील म्हणाले, "शाळंचं हाय तर त्या दुसऱ्या गड्याला का न्हाई दिलं?" आईनं त्यांच्या ताटात कालवण वाढलं. मला त्या घासाची चवसुद्धा लागली नाही.

तरी मी काम केलं, आणि सांगायला हरकत नाही, मला ते आवडायला लागलं. आजही डोळे मिटले की ती लॅब दिसते. प्रेशर कुकरमध्ये काचेच्या बशा उकळतायत. लाकडी खोक्यात चाळीसचा बल्ब लावून तुम्ही जंतूंसाठी उबारा केलाय आणि त्याच्या भोकातून थर्मामीटरची शेपटी बाहेर आलीय. दुसरा डेमॉन्स्ट्रेटर मेंढीचं रक्त काचेच्या मण्यांबरोबर हलवतोय, गोठू नये म्हणून, आणि तोंडानं अभंग चालू आहे. बाभळीच्या सालीची पूड स्पिरिटमध्ये भिजवून, गाळून आपण तिचा अर्क काढायचो. गाळणकागदाला पंचिंग मशीननं भोकं पाडायची आणि पडलेल्या चकत्या अर्कात बुडवून वाळवायच्या. बशीत थिजवलेल्या, मेंढीचं रक्त मिसळलेल्या खळीवर माझ्या बाटलीतली खरवड पसरायची, वर चकती ठेवायची, आणि दोन दिवसांनी झाकण उघडायचं. चकतीभोवती जंतू उगवलेले नसले की तिथं वलय दिसायचं. पहिलं वलय दिसलं तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि पुन्हा बघितलंत. "तुरट लागतं ना जिभेला, तेच द्रव्य हे," तुम्ही म्हणालात, "पण अजून नाचायचं नाही." कारण प्रत्येक बशीत एका कडेला तुम्ही आणखी एक चकती ठेवायला लावायचात, नुसत्या स्पिरिटमध्ये बुडवून वाळवलेली. आपण तिला कोरी चकती म्हणायचो. कोरीभोवतीही वलय आलं तर बाभळीचं श्रेय स्पिरिटचं ठरणार. एकदा घाईत मी ती ठेवायला विसरले. तुम्ही ओरडला नाहीत, पण सगळ्या बशा माझ्यासमोर धुवायला टाकल्यात. "बाई, कोरी चकती नसेल तर तुम्ही जे बघितलं ते निरीक्षण नाही, तो तुमचा समज आहे." मला वाटलं, हे मुद्दाम मला, आणि मुद्दाम त्याच्यादेखत.

नुसत्या बशीवर भागणार नव्हतं, माणसांच्या तोंडात काय होतं ते बघायचं होतं. त्यासाठी तुम्ही इनामगाव निवडलंत, घोडनदीच्या काठचं. तिथं तेव्हा जुन्या काळच्या वसाहतीचं उत्खनन चाललेलं, माणसांचे सांगाडे निघत होते. मी पहिल्यांदा पिशवी घेऊन उतरले तेव्हा पारावरचे एक आबा म्हणाले, "ती मानसं मातीतली दातं मोजत्यात, तुम्ही जित्यांची मोजाया आलासा. आमची दातं लयच महाग झाली म्हनायची." हसून गेले, पण तोंड उघडेनात. नसबंदीची धास्ती होती. कुणीही बाटल्या, वही घेऊन आलं की गडीमाणसं उसात गायब. एक जण तर म्हणाला, "आज तोंड उघडा म्हंतीस बाई, उद्या आनिक काय उघडाया लावशील?" बायकांची भीती वेगळी. "थुकी कशाला पायजे? करनी-बिरनी न्हाई ना?" मग हळूच दुसरा प्रश्न यायचा, "कुनाच्या गं तू?" मी म्हणायचे, दौंडच्या, रेल्वेतल्या. पुढं कुणी विचारलं नाही की मी सुटल्यासारखी खाली बसायचे. मी त्यांच्यावर संशय घेत होते आणि त्या माझ्यावर. त्या हिशेबानं आमचं बरं जमलं म्हणायचं. शेवटी काही घरं तयार झाली. पहिल्यांदा खरवड घ्यायची, मग तीन आठवडे रोज सकाळी फक्त बाभळीची काडी चावायची, दुसरं काही दातांना लावायचं नाही, आणि पुन्हा खरवड घ्यायची. काड्या आपण द्यायच्या. तुम्ही स्वतः रविवारी नदीकाठी जाऊन त्या तोडायचात, काटे तासायचात, एका मापाच्या करायचात आणि दोऱ्यानं जुड्या बांधायचात.

पुरुषांच्या बशा बघून तुम्ही खूश होता. तीन आठवड्यांनंतर त्यांच्या खरवडीतले जंतू सरळ कमी झालेले दिसत होते. बायकांच्या बशांत मात्र काही म्हणता काही फरक नाही. पुन्हा तीन आठवडे, पुन्हा तेच. तुम्ही कपाळाला आठ्या घालून त्या दोन रांगा शेजारी शेजारी मांडायचात. आणि सर, मला त्याचं कारण पहिल्याच खेपेला कळलं होतं. एका घरी खरवड घ्यायला चुलीपाशी बसले होते. म्हातारी जाळाला लाकूड सारत होती, आणि बघते तर आपल्या काड्या, एका मापाच्या, दोऱ्यासकट. मी नुसतं बघितलं. ती हसली, तेव्हा दातांच्या मुळाशी काळी रेघ दिसली. "तुजा मास्तर लय गुनाचा हाय," ती म्हणाली, "पर गड्यावानी अंगनात हुबं ऱ्हाऊन काडी चावायची, थुकायचं, सासऱ्या-दिरासमोर? आमाला न्हाई बाई जमायचं ते. मिश्री बरी. चुलीम्होरं बसायचं, बोट फिरवायचं, कामाला लागायचं." सून पाठमोरी होती, तिनं पदराआडून आपली डबी दाखवली. म्हणाली, "मास्तरला सांगू नगा. आमी काडीच म्हंतो. काड्या झ्याक पेटत्यात, आजून आना." तंबाखू भाजून केलेली ती पूड इनामगावात घरोघर होती. पाटलीणबाईंपासून गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत सगळ्या बायकांची तर्जनी काळी. निदान मिश्रीला तरी जात नव्हती.

हे तुम्हाला त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम. पण तुम्ही विचारलं असतं, "तुम्हाला कसं कळलं?" आणि मग तुमची नजर माझ्या दातांवर गेली असती. आणि त्याच आठवड्यात मी तुमच्यावर एक प्रयोग केला होता. तुम्ही हात धुता ते जंतूंसाठी की माझ्यासाठी, हे मला ठरवायचं होतं. दुसरा डेमॉन्स्ट्रेटर रजेवर होता. मी कुकरमधून नुकत्याच काढलेल्या, कोऱ्या, रिकाम्या बाटल्या घेतल्या आणि तुमच्या हातात दिल्या. मुद्दाम सांगितलं, "सर, रिकाम्या आहेत, उकळलेल्या." तुम्ही "हं" म्हणालात, स्टँडमध्ये ठेवल्यात, आणि नळाशी गेलात. साबण, मनगट, बेचक्या. मी तिथं उभी होते आणि माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या. झालं, मला माझं उत्तर मिळालं. वडिलांचं मडकं खरं ठरलं. त्या दिवसापासून मी तुमच्याशी कामापुरतं बोलले, आणि बायकांच्या मिश्रीविषयी तोंड शिवून घेतलं. होऊ दे फजिती, असं मी मनात म्हणाले होते. अगदी याच शब्दांत.

दोन वर्षं, सर. बायकांच्या लाळेत काही वेगळं असेल म्हणून तुम्ही पुण्याला जाऊन पुस्तकं धुंडाळलीत. साल उन्हाळ्यातली की पावसाळ्यातली, कोवळ्या फांदीची की जून, सगळं करून पाहिलंत. कडुनिंब घेतलात, करंज घेतलात. इनामगावच्या बायकांच्या चुली पेटत राहिल्या. मग एक दिवस निबंध टाईप करून आणलात आणि माझ्यापुढं ठेवलात, वर दोन नावं, तुमचं आणि माझं. "तोंडं तुम्ही आणलीत," एवढंच म्हणालात. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, निकाल जुळत नाहीत, उद्या कुणी बोट दाखवलं तर ते माझ्याकडं वळवायची ही सोय आहे. त्याच सुमारास दर शनिवारी, मी दौंडच्या गाडीला निघाले की तुम्ही मला काड्यांची एक जुडी द्यायला लागलात. "तुमच्यासाठी, बाई." त्याला कधी दिली नाहीत. म्हणजे माझ्या तोंडाला वास येतो असं तुम्हाला म्हणायचं आहे, हे मी ओळखलं. मी तोंडापुढं हात धरून बोलायला लागले आणि जुडी गाडीच्या खिडकीतून फेकून द्यायला लागले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा मी चोर तुम्हाला समजत होते.

निबंध परत आला. पुरुषांमध्ये गुण दिसतो आणि बायकांमध्ये नाही, याचा उलगडा झाल्याशिवाय छापता येणार नाही, असं पत्र होतं. तुम्ही ते दुपारभर खिशात ठेवून वावरलात. मग लॅब रिकामी झाली तेव्हा माझ्या टेबलाशी आलात. उभेच राहिलात. माझ्याकडं न बघता, काड्यांचा ढीग बोटानं सारखा करत म्हणालात, "बाई, आपलं कुठंतरी चुकतंय. बायका तुमच्याशी बोलतात, माझ्याशी नाही बोलणार. तुम्हाला काय वाटतं?" खिडकीतून कॉलेजच्या मैदानावरची धूळ येत होती आणि मला दातांच्या मुळाशी मिश्रीची चव लागत होती. मी म्हणाले, "काही नाही सर. त्या काडीच वापरतात." तुम्ही ढिगातली शेवटची काडी सरळ केलीत. "बरं," म्हणालात आणि नळाशी गेलात. त्या वेळी मी तुमच्या हातात काहीच दिलेलं नव्हतं. हे मला कितीतरी वर्षांनी लक्षात आलं.

तुम्ही त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत गेलात. छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यापर्यंतही पोहोचला नाहीत. मी दौंडहून आले. तुमच्या घरी त्याआधी मी कधीच आले नव्हते. तुम्ही बोलावलं नाही म्हणून, की मी आले नसते म्हणून, ते आता कोण सांगणार? गच्चीवर गोणपाटावर साली वाळत होत्या. काकूंनी मला तिथं नेलं आणि विचारलं, "याचं काय करू मी? तुम्हाला हव्यात का?" मी म्हणाले, "बंबात घाला. चांगल्या पेटतात." घरी येताना गाडीत मी रडले, ते तुमच्यासाठी की त्या वाक्यासाठी हे मला वेगळं करता आलं नाही. ते संशोधन तिथंच थांबलं. लॅबमध्ये नवे सर आले, त्यांनी लाकडी खोकं अडगळीत टाकलं.

पुष्कळ वर्षांनी न्हावऱ्याला एका लग्नात तो दुसरा डेमॉन्स्ट्रेटर भेटला. पोट सुटलेलं, फेटा बांधलेला. जेवणं झाल्यावर तुमचा विषय निघाला. हात धुवायला उठता उठता तो म्हणाला, "सरांचं हात धुनं आठवतं का? खडू दिला तरी धुवायचे. मला वाटायचं, माझ्या अंगाला मेंढराचा वास येतुया म्हून धुत्यात. मी रोज लॅबात यायच्या आधी मागच्या नळावर लाल साबनानं कोपरापतूर घासून यायचो. तरी धुवायचेच. लय वाईट वाटायचं बगा." मी पत्रावळीकडं बघत राहिले. तो रजेवर असताना मी प्रयोग केला होता. त्यानं दिलेल्या वस्तूनंतर तुम्ही काय करता हे मी बघितलंच नव्हतं. कोरी चकती ठेवली नव्हती. म्हणजे ते निरीक्षण नव्हतं, तो माझा समज होता. पण माझा स्वभाव बघा, परतीच्या गाडीत बसेपर्यंत दुसरा किडा वळवळायला लागला. तो धनगर, मी आमच्यातली. तुमच्या जातीचा माणूस त्या लॅबमध्ये कुणी नव्हताच. तसा कुणी असता आणि त्यानं खडू दिला असता तर? म्हणजे कोरी चकती अजूनही नाहीच. मी तुम्हाला निर्दोष सोडलेलं नाही, सर. फक्त आता संशयितांच्या रांगेत तुमच्याशेजारी मी स्वतःलाही उभं केलंय.

आणि एक शंका त्याहून वाईट आहे. तुम्ही दिवसभर तोंडांचाच विचार करायचात. माझ्या हिरड्यांवरची काळी रेघ तुम्हाला दिसली नसेल? शनिवारच्या त्या जुड्या, "तुमच्यासाठी, बाई," आणि तो प्रश्न माझ्याकडं न बघता विचारणं. तुम्हाला ठाऊक होतं का? ठाऊक असून, बायकांच्या बशांचं कोडं सुटलेलं असून, तुम्ही ते माझ्या तोंडून यावं म्हणून थांबला होता का? तसं असेल तर तुम्ही माझी लाज झाकायला स्वतःचा निबंध घालवलात. तसं नसेल तर मी तो घालवला. दोन्हीकडून मीच येते.

मागच्या आठवड्यात दौंडमध्ये दाढ काढायला गेले होते. डॉक्टरीण म्हणजे माझ्या नातीच्या वयाची मुलगी. काम झाल्यावर तिनं हातमोजे काढून डब्यात टाकले. मी घरी गेले नाही. गालात कापूस धरून बाहेरच्या बाकावर बसून राहिले आणि दाराच्या फटीतून बघत राहिले, माझ्यानंतरच्या माणसाचे टाकते का. टाकले. त्याच्यानंतरच्याचेही टाकले. मग उठले. सून विचारत होती, एवढा वेळ का लागला, तिला काय सांगणार? घरी येऊन हे लिहायला बसले. याला पाकीट नाही, पत्ता नाही. शिरूरच्या त्या घरात आता कोण राहतं तेही मला माहीत नाही. लिहून झालं की वहीत घडी घालून ठेवीन. कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर माझ्या बोटाचा काळा ठसा उमटलाय, तो पुसायला गेले तर पसरला. माझी डबी रव्याच्या डब्यामागं असते, सुनेला अजून सापडलेली नाही. त्या मुलीनं दाढ काढायच्या आधी आरसा तोंडात घालून विचारलं होतं, "आजी, मिश्री लावता का?" मी म्हणाले, "नाही गं. काडीच वापरते."

लावते, सर. तेव्हाही लावत होते.